गॅरेजमध्ये चालू, घरी बंद

५ जानेवारी, सोमवार

चालू झाली! चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात चालू. म्हणजे पुन्हा वाट लागली.

बंद गाडी दुरुस्त करता येते. चालू गाडीचं काय करायचं? श्रुतिकाची लाल गाडी आज परत आली. दोन सीटची, बुटकी, वीसेक वर्षं जुनी. मला ती मनापासून आवडते, उगाच खोटं कशाला बोलू. तिने स्वतःच्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. पुण्याच्या पलीकडे एक खाजगी ट्रॅक आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपापली गाडी घेऊन जायचं, हेल्मेट घालायचं आणि हवी तशी पळवायची. काल तिला जायचं होतं. पहाटे चावी फिरवली तर काही नाही! डिसेंबरच्या पहिल्या रविवारीही हेच झालं होतं.

"आई शप्पथ सांगते दर्शना, मेलेली होती गं. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन पकडतच नाही. आणि मग दहा वाजता बाबांनी सहज चावी फिरवली तर लगेच चालू!"

"मग बाबांनाच ड्रायव्हर ठेव," मी म्हटलं. हसली, पण डोळे सुजलेले होते.

धोंडिराममामांनी बॉनेट न उघडताच निकाल दिला — "वायरिंगचा प्रॉब्लेम हाय." ते आमचे फिटर, मी वायरिंगवाली. फिटरला विचारा, तो वायरिंगवर ढकलणार. वायरमनला विचारा, तो म्हणणार मेकॅनिकल. मी म्हटलं, "पेट्रोलचा पंप असेल." झालं, दिवसभर आमचं बोलणं बंद!

६ जानेवारी, मंगळवार

बॅटरी ठणठणीत. स्टार्टरचा करंट बरोबर. सेन्सरची लाइन स्क्रीनवर बघितली — शाळेतल्या आज्ञाधारक मुलीच्या अक्षरासारखी सरळ. गाडी थंड करून चालू केली. तापवून चालू केली. पाणी मारून चालू केली. प्रत्येक वेळी चालू.

हर्षददादाने, म्हणजे गॅरेजच्या मालकाने, तो स्क्रीनवाला मीटर गेल्या वर्षी फक्त माझ्यासाठी घेतला. कुणी म्हणालं होतं, "पोरीला खेळणं घेतलंस काय?" दादा म्हणाला, "खेळू दे. तुझ्यापेक्षा बरी खेळते." मरोळच्या या गाळ्यात मी आले तेव्हा दोन ठिकाणांहून नकार घेऊन आले होते. बाई आणि वायरिंग, हे लोकांच्या पचनी पडत नव्हतं. दादाने एवढंच विचारलं होतं, "करंट खाल्लायस का कधी?" मी म्हटलं, बऱ्याचदा. म्हणाला, उद्यापासून ये. आज काही कारण नसताना ते आठवलं आणि बरं वाटलं.

७ जानेवारी

मामांनी टाकीतून पंप काढून माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घे. बघ. मेकॅनिकल म्हणं!" पंप झकास आहे. मी चहा पाजला.

८ जानेवारी, गुरुवार

आज श्रुतिकाचे बाबा आले. काशीरामकाका. बसचे ड्रायव्हर होते, आता रिटायर. मूळचे मालवणकडचे, राहायला मुलुंडला. येताना आम्हा सगळ्यांना खाजं, ती गुळात घोळवलेली शेव, घेऊन आले! गिऱ्हाईक येतं ते घड्याळ बघत येतं, हा माणूस आलं घातलेलं खाजं घेऊन येतो.

स्टूल ओढून माझ्या बाजूला बसले. मध्ये मध्ये बोलले नाहीत, सल्ले दिले नाहीत, "मुलगी असून" वगैरे तर नाहीच. मी डॅशबोर्डखाली उताणी पडलेली असताना टॉर्च मात्र बरोबर धरला, जिथे पाहिजे तिथे. बाहेर आले तर पाण्याची बाटली पुढे केली. "पी बाय, घामाघूम झालंस."

चालू होण्या-न होण्याबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं ते एवढंच — "ब्रेक कशे आसत गाडीचे?"

मी म्हटलं, मूळचेच आहेत, ठीक आहेत.

"ठीक म्हणजे किती ठीक?"

इतकी वर्षं बस चालवलेला माणूस, त्याला ब्रेकच दिसणार. मला माझे वडील, अण्णा, आठवले. तेही असेच माझ्या बाजूला बसायचे, मी रेडिओ उघडून बसले की. काही कळायचं नाही त्यांना, पण बसायचे.

१० जानेवारी, शनिवार

सापडत नाही तर निदान सुधारून तरी ठेवू. इंजिनची अर्थिंगची केबल बदलली, जुनी आतून हिरवी पडली होती. स्टार्टरला जाड वायर टाकली. वीज पुढे सोडणारे सगळे रिले नवे. आधीच्या मालकाने बाहेरचा कॉम्प्युटर बसवून इंजिनची ताकद वाढवलेली आहे. तो बसवलाय कुठे, तर डाव्या सीटखाली, गालिच्यावर! त्याच्या वायरची जोडणीही तिथेच, मोकळी. जागा चुकीची, काम आळशी माणसाचं. पण उघडून बघितली तर पिना चकचकीत. साफ करून परत लावली.

मामा म्हणाले, "सापडला?" मी म्हटलं, "मेकॅनिकल आहे." मामा हसले. आता कुठे नीट बोलणं चालू झालं बुवा.

११ जानेवारी

श्रुतिका गाडी घेऊन गेली. जाताना मला मिठी मारली, माझ्या डांगरीवरच्या ऑइलसकट. पांढरा शर्ट होता तिचा!

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. आईने केलेले तिळाचे लाडू गॅरेजमध्ये नेले. मामांनी दोन घेतले आणि "आता गोड बोल" म्हणाले, म्हणजे मीच कडू बोलते जशी काही.

अकराला श्रुतिकाचा फोन. बंद! सकाळपासून मेलेली. तिला ऑफिसला रिक्षाने जावं लागलं. संध्याकाळी परत फोन — आता चालू झाली. कुणी केली? बाबांनी.

हर्षददादा चिडला. माझ्यावर नाही, पण गाळ्यात ओरडलं की ते सगळ्यांनाच लागतं. "लोक काय म्हणतील? हर्षदकडे एका गाडीचा फॉल्ट सापडत नाय महिनाभर!"

श्रुतिका फोनवर रडली. "१ फेब्रुवारीला शेवटचं बघते. तेव्हाही नाही गेले ना, तर विकून टाकणार. मला आता चावी फिरवायचीच भीती वाटते गं." बाबा काय म्हणतात, विचारलं. "बाबा म्हणतात, विक. म्हणजे ओरडून नाही. ते कधी ओरडत नाहीत. नुसतं म्हणतात, जाऊ दे बाळा, नाय तिच्या नशिबात पळणं."

तिची आई ती शाळेत असतानाच गेली. काकांनीच वाढवलंय तिला. सायकल त्यांनी शिकवली, गाडीही त्यांनीच शिकवली. आणि आता तिला वाटतं की तिचं हे वेड बाबांना आवडतच नाही. "बाबा कधी ट्रॅकबद्दल विचारत पण नाहीत. विषय निघाला की उठून जातात," म्हणाली.

एखादी गोष्ट मनापासून हवी असते आणि घरातलं माणूस नुसतं गप्प बसतं. त्यापेक्षा भांडण परवडलं.

१५ जानेवारी

आई म्हणाली, "तुझ्या त्या लाल गाडीला दृष्ट लागली." आमच्या घरात दृष्ट-बिष्ट कुणी मानत नाही, पण आईला बोलायला आवडतं. मग स्वतःच म्हणाली, "नीट बघ. तुझ्याकडे चालते, तिच्याकडे चालत नाही. मग गाडी नको बघूस, घर बघ." हसले मी. आई लोकांकडे घरकाम करायची तेव्हा पंधरा घरं बघून झाली आहेत तिची.

१७ जानेवारी, शनिवार

गाडी पुन्हा आली. अर्थात चालू स्थितीत! मी हात जोडले तिला.

सोबत काकाही आले. त्यांनी हर्षददादाला बाजूला घेऊन सांगितलं की पुढचे ब्रेक बदलायचेच. मोठ्या डिस्क, चांगले पॅड, आणि रबरी होसच्या जागी स्टीलची जाळी असलेले होस. श्रुतिका म्हणाली, "बाबा, विकायचं म्हणता आणि ब्रेक कशाला?" काका म्हणाले, "जो कोण घेईल तोपण कोणाचो तरी झिलगो असतलोच ना." झिलगो म्हणजे पोरगा.

मामांचा दिवस सोन्याचा गेला. असं काम त्यांना रोज कुठे मिळतं? दुपारी ब्रेकमधली हवा काढायला काका स्वतः आत बसले. मामा खालून ओरडायचे — "दाबा… धरा… सोडा!" काका दाबायचे, धरायचे, सोडायचे. तासभर. एकदाही चुकले नाहीत, एकदाही घाई नाही. मामा मला हळूच म्हणाले, "हेच्या बसमधी म्हातारी उभी ऱ्हायली तरी पडली नसंल."

जेवताना काकांनी थोडं सांगितलं. तीस वर्षांत एकही अपघात नाही. पण बघितले पुष्कळ. घोडबंदरला एकदा बस थांबवून एका पोराला उचलून ठेवलेलं बाजूला. "लाल हेल्मेट होता," एवढंच म्हणाले, आणि डबा बंद केला. अर्धा भात तसाच.

मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली! हा माणूस वाईट इतकं बघून आलाय आणि तरी माझ्यासाठी बाटली भरून ठेवतो.

१९ जानेवारी

गाडी गेली. ब्रेक असे झालेत की डोळे पांढरे होतात. चालू व्हायचा प्रश्न मात्र देवाच्या नाहीतर निदान बॅटरीच्या हाती.

२२ जानेवारी, गुरुवार

बंद.

दादा म्हणाला, "इथे आणूच नको तिला. आणली की शहाण्यासारखी वागते. तूच जा. न सांगता जा. आजारी माणूस डॉक्टरसमोर बरा दिसतो, घरी बघावा लागतो." श्रुतिकाला फक्त मेसेज केला की उद्या सकाळी येते, गाडीला कुणी हात लावू नका. बाबांनाही सांगू नको म्हटलं, कारण ते लगेच खाली उतरून चालू करून बसतील!

२३ जानेवारी, शुक्रवार

सापडलं! सापडलं सापडलं सापडलं!

स्कूटरवरून मुलुंड गाठलं. पार्किंगमध्ये लाल गाडी उभी, काका भाजी आणायला गेलेले, श्रुतिका ऑफिसच्या कॉलवर. तिने वरून चावी टाकली. फिरवली. स्टार्टर घरघर, घरघर, इंजिन पकडत नाही. मला इतका आनंद झाला! पहिल्यांदा ती माझ्यासमोर बंद होती.

मीटर लावला. कॉम्प्युटरला वीजच येत नाही. रिलेपर्यंत येते, पुढे नाही. म्हणजे मधली ती डाव्या सीटखालची जोडणी. सीट पुढे सरकवायला गेले तर सरकेना. खाली डोकं घालून टॉर्च मारला.

सीटखाली नारळ होता! लाल फडक्यात गुंडाळलेला, गाठ मारून. सीटचा सांगाडा आणि जमीन यांच्यामध्ये घट्ट बसलेला, आणि त्याची एक बाजू थेट जोडणीवर. वायर वाकडी झाली की आतली एक पिन सुटते. नारळ काढला, चावी फिरवली — चालू! परत ठेवला — बंद. पुन्हा काढला — चालू. मी एकटीच हसत होते. वॉचमन येऊन बघून गेला.

मग हसू थांबलं. कळलं ना सगळं. कोकणातली माणसं, गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलेला नारळ गाडीत ठेवतात. काकांनी ठेवला पोरीच्या रक्षणासाठी. आणि गॅरेजमध्ये येताना काढून घ्यायचे, कारण देवाच्या वस्तूला आमचे ऑइलचे हात आणि बूट कशाला लागू द्यायचे? म्हणून आमच्याकडे चालू, त्यांच्याकडे बंद. जो नारळ तिला सांभाळायला ठेवला त्यानेच तिची गाडी अडवून धरली होती. आई बरोबर म्हणाली होती, घर बघ!

तेवढ्यात काका समोर. हातात पालेभाजीची पिशवी. मी सीटवर बसलेय आणि नारळ माझ्या मांडीवर. त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, "काका, गावच्या देवाचा आहे ना?"

त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "…होय, बाय."

"घाबरू नका. मी देव मानत नाही, पण तुमचा विश्वास मी फेकून देणार नाही. थोडी जागा बदलू आपण. श्रुतिकाला मी काही वेडंवाकडं सांगणार नाही."

काकांनी पिशवीतून कोथिंबिरीची जुडी काढून माझ्या हातात दिली. कशाला दिली कुणास ठाऊक. घेतली मी. आईने चटणी केली.

२४ जानेवारी, शनिवार

गाडी आणि नारळ, दोन्ही गॅरेजमध्ये. मामांना सगळं सांगितलं तर आधी पोट धरून हसले. "म्हंजे वायरिंगचा बी न्हाय, मेकॅनिकल बी न्हाय!" मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "देवाचं हाय, नीट बसवाया पायजे."

कॉम्प्युटर आणि जोडणी मी सीटखालून काढून वर, ग्लोव्हबॉक्सच्या मागे नेली. कंस केला, वायर दोन ठिकाणी बांधली, सगळ्या पिना नव्या. आता त्या जागी हत्ती बसवला तरी गाडी चालू होणार.

सीटखाली मामांनी नारळासाठी गोल बैठक वेल्ड करून दिली. ग्राइंडरने कडा मऊ केल्या, काळा रंग मारला, आतून रबर लावलं. मी वरून पट्टा आवळला — रेसिंगच्या बेल्टचा उरलेला तुकडा होता, लाल. मामांनी बूट काढले, हात साबणाने धुतले, गाळ्यातल्या गणपतीच्या फळीवरचं हळदकुंकू आणून लावलं. म्हणाले, "ह्याला शेंडी कशी न्हाय गं?" मी म्हटलं, सीटखाली घासून गेली असेल.

दादा येऊन बघून गेला. "आपल्या गॅरेजचा सर्वात बेस्ट अपग्रेड," म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण फोटो काढून नेला!

आज कामाचा अभिमान वाटला. पंप, रिले, ब्रेक सगळं करता येतं. एखाद्याचं मन न दुखावता गाडी चालू करणं रोज करता येत नाही. मामांनी बूट काढले तेव्हा मीही काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी असून गाळा उघडला, श्रुतिकाला गाडी द्यायला. ठरवलं होतं की नारळाबद्दल थोडक्यात सांगायचं. जोडणी ढिली होती, जागा बदलली, आणि बाबांचा नारळ आता पट्ट्यात आहे. बस.

ती खाली वाकली. बराच वेळ वाकलेलीच. वर आली तेव्हा रडत होती. "बाबा, तुम्ही माझ्यासाठी ठेवला होता? मला वाटायचं, तुम्हाला मी गेलेलं नकोच आहे." आणि त्यांच्या गळ्यात पडली. एवढी मोठी मुलगी, लहान पोरीसारखी. "चला ना बाबा तुम्ही पण. एकदा बघा तरी मी कशी चालवते."

काका तिच्या पाठीवर थोपटत राहिले. नजर जमिनीवर. मामांनी आणलेला चहा तसाच गार झाला. भरून आलं असणार त्यांना, दुसरं काय. मीही तिकडे रिले मोजायला गेले, नाहीतर माझंही काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर आईला सांगितलं. म्हणाली, "तुझे अण्णा असते ना, तर त्यांनी तुझा मीटर छातीला लावला असता." माझ्या जुन्या मीटरलाही ते छातीवर मिरवायचा बिल्ला समजायचे! मी मनातल्या मनात हर्षददादाला, मामांना आणि त्या बुटक्या लाल गाडीला धन्यवाद दिले. हिच्यामुळे मला दोन माणसं एकमेकांजवळ आलेली बघायला मिळाली. किती जणांना कामावर असं बघायला मिळतं?

२८ जानेवारी

श्रुतिका रोज सकाळी चालू होण्याचा व्हिडिओ पाठवते. मी उत्तरात फक्त अंगठा पाठवते, पण प्रत्येक व्हिडिओ दोनदा बघते.

२९ जानेवारी, गुरुवार

काका एकटेच गॅरेजवर आले. काही काम नव्हतं. मामांजवळ उभे राहिले, मग माझ्याजवळ. विचारलं, "तो कॉम्प्युटर आता खंय बसवलंस?" दाखवलं दुसऱ्या गाडीत हात ठेवून — असा, वर, आत, कुणाचा पाय लागणार नाही. "बरा केलंस," म्हणाले. थकलेले दिसले. मी म्हटलं, काका, झोपत नाही का नीट? म्हणाले, "रविवार जावदे."

बापाचं काळीज! तिच्यापेक्षा यांनाच जास्त धडधड आहे. जाताना मी त्यांच्या पाया पडले. सहसा कुणाच्या पडत नाही मी. ते दोन पावलं मागे सरकले, म्हणाले, "नको गो, नको."

३१ जानेवारी, शनिवार

उद्या! दादाने गॅरेजची व्हॅन दिली. टूलबॉक्स, जॅक, फ्युज, टेप, मीटर सगळं भरलं. मी पहिल्यांदाच ट्रॅकवर जाणार — गाडीची इलेक्ट्रिशियन म्हणून! श्रुतिकाने फॉर्मवर माझं नाव घातलंय. मामा येणार नाहीत, त्यांची नात आली आहे. पण निघताना ब्रेकचा प्रत्येक नट स्वतः तपासून दिला. आईने डब्यात थालीपीठं दिली, सगळ्यांना पुरतील एवढी, आणि तीन वेळा विचारलं, काका जेवतात ना नीट?

काका येणार आहेत. ट्रॅकपर्यंत श्रुतिकाच्या बाजूला, डाव्या सीटवर. हो म्हणाले शेवटी.

१ फेब्रुवारी, रविवार. ट्रॅकवर, टूलबॉक्सवर बसून

पहाटे पहिल्या झटक्यात चालू झाली. आता श्रुतिका फिरतेय. काका जाळीला धरून उभे आहेत. मघाशी माझ्याकडे न बघता बोलले. जसं बोलले तसं लिहिते, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

"तो नारळ देवाचो नव्हतो, बाय. मुलुंडच्या बाजारातसून आणलेलो. पयल्यांदा चुकान सीटखाली छत्री सारलंय, तर गाडी चालू होईना. तेव्हा माका समाजला. पण छत्री कोणय काढता. लाल फडक्यातलो नारळ कोण काढता? गाडी चालू नाय झाली तर माझा चेडू ट्रॅकवर जावचा नाय. इतक्याच माझ्या मनात होता."

मी हातातल्या टेपचं टोक सोडवत राहिले.

"तूच इचारलंस, देवाचो ना? मी होय म्हटलंय. मगे तुम्ही तेका बूट काढून बसवलास, हळद-पिंजर लावलास. ती माझ्या गळ्यात पडान रडली. तेच्या नंतर दोनदा खाली गेलंय दुसरी वायर काढूक. सीटखाली तो पुजलेलो बघलंय, आणि वायरीक हात न लावता तसोच वर इलंय."

लाल गाडी समोरून गेली. वळणावर आत शिरली, बाहेर आली, दिसेनाशी झाली. काकांनी जाळी सोडली नाही.

"अजून किती फेरे?"

"दोन."

"दोनच?"